फ्रेंच शिका, पण आपल्या ओंजळीने

मोबाइलने फ्रेंच भाषा घराघरांत आणून ठेवली आहे. धडे फुकट, भाषांतर क्षणात आणि निबंधही आयता. पण परीक्षकासमोर बसून दोन वाक्ये बोलायची वेळ आली की यातले आपले किती आणि यंत्राचे किती, हे उघडे पडते.

फ्रेंच भाषेत 'दिजिताल' हा शब्द बोटांशी जोडलेला आहे. लॅटिनमधल्या बोट या अर्थाच्या शब्दावरून तो आला. बोटाच्या ठशाला फ्रेंच माणूस 'आँप्रँत दिजिताल' म्हणतो. म्हणूनच इंग्रजीतला 'डिजिटल' हा शब्द संगणकासाठी जसाच्या तसा उचलणे फ्रेंच अकादमीला पसंत नाही. त्या अर्थाने तिथे 'न्युमेरिक', म्हणजे अंकांशी संबंधित, असा शब्द वापरतात.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. घरातल्या मुलांकडे पाहिले की यातला फरक लगेच ध्यानात येतो. मुलांची बोटे मोबाइलवर सराईतपणे फिरतात. अ‍ॅप उतरवून घेणे, फोटो काढून मजकुराचे भाषांतर करणे, गृहपाठाचा प्रश्न यंत्राला विचारणे, हे सगळे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. पण ही झाली बोटांची साक्षरता. समोर आलेले उत्तर बरोबर आहे का, कोणते साधन कशासाठी वापरायचे, कुठे थांबून स्वतः डोके चालवायचे, हे कळणे म्हणजे डिजिटल साक्षरता. परकी भाषा शिकताना या दोन्हींतले अंतर जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच दुसऱ्या विषयात दिसत असेल.

आणि फ्रेंच शिकणाऱ्यांची कारणे आज किरकोळ राहिलेली नाहीत. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला 'मार्क मिळवून देणारा विषय' म्हणून फ्रेंच घेणारी मुले आहेतच. पण २०२४ च्या जानेवारीत प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे म्हणून आलेले फ्रान्सचे अध्यक्ष इमान्युएल माक्राँ यांनी २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये यावेत, असे उद्दिष्ट जाहीर केले. कॅनडाने २०२३ पासून कायम वास्तव्यासाठीच्या निवडीत फ्रेंच येणाऱ्यांकरिता वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या. म्हणजे कुणाचे कॉलेज, कुणाची नोकरी, तर कुणाच्या सबंध कुटुंबाचे स्थलांतर या भाषेवर अवलंबून आहे. अशा वेळी 'येते' आणि 'येत असल्यासारखे वाटते' यांत फरक करावाच लागतो.

पुस्तकापासून पडद्यापर्यंत

परकी भाषा शिकवण्यासाठी यंत्राची मदत घेणे ही काही आजची गोष्ट नाही. १९५३ साली गास्ताँ मोझे यांचे फ्रेंचचे पाठ्यपुस्तक निघाले. भारतातल्या विद्यापीठांतही ते वर्षानुवर्षे चालले. त्यात व्याकरण आणि उतारे होते. उच्चार मात्र शिक्षकाच्या तोंडून जेवढा ऐकू येईल तेवढाच. पुढे फ्रान्समध्ये सँ-क्लू इथल्या संस्थेत ध्वनिफीत आणि चित्रपट्टिका यांची सांगड घालणारी नवी पद्धत तयार झाली. १९६० च्या दशकात ती गाजली. विद्यार्थी आधी चित्र पाहायचा, टेपरेकॉर्डरवर संवाद ऐकायचा, तो म्हणायचा आणि मगच पुस्तक उघडायचा. नंतर भाषा-प्रयोगशाळा आल्या, कॅसेट आली, सीडी आली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. टेपरेकॉर्डर ऐकवू शकत होता, पण विद्यार्थ्याच्या वतीने बोलू शकत नव्हता. सीडी धडा दाखवायची, पण निबंध लिहून द्यायची नाही. आजचे यंत्र हे दोन्ही करते. नवे काय आहे, तर ते एवढेच. आणि सगळी अडचण त्यातूनच निर्माण झाली आहे.

घरबसल्या काय मिळते?

आधी या बदलाचे देणे मान्य केले पाहिजे. फ्रेंच शिकवणाऱ्या 'आलियाँस फ्राँसेज'ची स्थापना पॅरिसला १८८३ साली झाली. भारतात दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू अशा शहरांत तिची केंद्रे आहेत. पण लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या मुलीने काय करायचे? पूर्वी या प्रश्नाला 'पुण्याला जाऊन राहायचे' एवढेच उत्तर होते. आज तिच्या हातातल्या फोनवर पुष्कळ काही आहे आणि त्यातले बरेचसे विनामूल्य आहे.

'टीव्ही ५ मोंद' या १९८४ साली सुरू झालेल्या फ्रेंच भाषिक वाहिनीने शिकणाऱ्यांसाठी चित्रफितींवर आधारित हजारो स्वाध्याय इंटरनेटवर ठेवले आहेत. ते अगदी प्राथमिक पातळीपासून पायरीपायरीने लावलेले आहेत. 'आर. एफ. आय.' ही फ्रान्सची आंतरराष्ट्रीय नभोवाणी सोप्या फ्रेंचमध्ये दहा मिनिटांच्या बातम्या देते आणि त्यांचा लिखित मजकूरही उपलब्ध करते. फ्रान्स सरकारच्या पुढाकाराने २०१३ साली सुरू झालेल्या 'फन' या व्यासपीठावर पॅरिसच्या आलियाँसने नवशिक्यांसाठी अभ्यासक्रम तयार केले. 'लारूस' आणि 'ल रोबेर' हे फ्रेंच लोकांच्या घरोघरी असणारे शब्दकोशही इंटरनेटवर पाहता येतात. एकेकाळी जाडजूड ग्रंथासाठी ग्रंथालयात नंबर लावावा लागे. आता बसमध्ये उभ्या उभ्या शब्द पाहता येतो.

मात्र साधन हाती असणे आणि ते वापरता येणे यांत फरक आहे. चित्रफितीचेच उदाहरण घ्या. बहुतेक मुले इंग्रजी उपशीर्षके लावून फ्रेंच चित्रपट पाहतात आणि 'आज दोन तास फ्रेंच केले' असे सांगतात. प्रत्यक्षात ती दोन तास इंग्रजी वाचत असतात. हीच तीन मिनिटांची चित्रफीत पहिल्यांदा उपशीर्षकांशिवाय, दुसऱ्यांदा फ्रेंच उपशीर्षके लावून आणि मग पुन्हा उपशीर्षकांशिवाय पाहिली, तर कान तयार होतो. साधन तेच, पण वापरण्याची रीत बदलली की फळ बदलते.

यंत्र कुठे चकवते?

भाषांतराची यंत्रे गेल्या काही वर्षांत फार सुधारली आहेत, यात शंका नाही. पण मराठी मुलांचा एक मोठा तोटा त्यांत नकळत होतो. आपली मुले फ्रेंचसाठी यंत्रात सहसा इंग्रजी वाक्य टाकतात. आता पाहा, मराठीत आपण 'आई, तू आलीस का?' असे विचारतो आणि 'सर, तुम्ही आलात का?' असे म्हणतो. फ्रेंचमध्ये नेमका हाच भेद आहे. जवळच्या माणसासाठी 'त्यु' आणि आदरासाठी किंवा अनेकांसाठी 'वू'. इंग्रजीत दोघांनाही एकच 'यू'. इंग्रजीच्या वाटेने गेले की यंत्राला अंदाज करावा लागतो. तो चुकला, तर मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्रात त्यांना अरे-तुरे केले जाते आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो.

लिंगाचेही तसेच. 'तू आलास' आणि 'तू आलीस' हा फरक फ्रेंच लेखनातही दिसतो. मुलीबद्दल लिहिताना या क्रियारूपाच्या शेवटी एक 'ई' जास्त लागतो. मराठी मुलाला ही गोष्ट समजायला सोपी, कारण ती त्याच्या हाडामांसात आहे. पण मधे इंग्रजी आणली की आपणच आपली जमेची बाजू टाकून देतो. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना शिक्षकांनी आणि पालकांनी हे आवर्जून सांगायला हवे, की फ्रेंच शिकताना मराठीची आठवण ठेवा.

शब्दाला शब्द लावण्यातही गमती होतात. जेवणानंतर 'पोट भरले' हे सांगायला कुणी इंग्रजी वाक्य डोळ्यांपुढे ठेवून 'ज स्वी प्लॅं' असे म्हणाला, तर यजमान गालातल्या गालात हसतील, कारण बोली फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'मला चढली आहे' असा होऊ शकतो. 'लिब्रेरी' म्हणजे ग्रंथालय नव्हे, तर पुस्तकांचे दुकान. 'आवोका' म्हणजे वकील आणि 'आवोका' म्हणजेच अवाकाडो हे फळ. संदर्भ पुरेसा नसेल तर यंत्रही इथे अडखळू शकते. आणि शब्दकोशातला पहिलाच अर्थ उचलणारा विद्यार्थी तर नक्कीच पडतो.

अक्षरांवरच्या खुणांचा विषय आणखी नाजूक. मराठीत 'दिन' आणि 'दीन' यांत फक्त वेलांटीचा फरक, पण एक दिवस आणि दुसरा गरीब बिचारा. फ्रेंचमध्ये 'पेशर' हा शब्द लिहिताना 'ई' अक्षरावर टोपी काढली तर मच्छीमार आणि तिरकी रेघ काढली तर पापी! घाईघाईने टंकताना मुले या खुणा सोडून देतात किंवा फोन सुचवील ती घेतात. फोनच्या कळफलकावर अक्षर थोडा वेळ दाबून धरले की त्याच्या सगळ्या खुणा दिसतात. कळफलकाच्या भाषांत फ्रेंच जोडून घेता येते. या अगदी साध्या गोष्टी आहेत, पण पुष्कळ विद्यार्थ्यांना वर्षभर माहीत नसतात.

उच्चारांच्या बाबतीत मात्र फोन चांगला सवंगडी होऊ शकतो. फ्रेंचमध्ये 'वर' आणि 'खाली' या अर्थांच्या दोन शब्दांत फरक आहे तो एका स्वराचा. एकात 'ऊ' आणि दुसऱ्यात 'ऊ'साठी ओठांचा चंबू करून उच्चारलेली 'ई'. देवनागरीत हा स्वर नीट लिहिताच येत नाही, म्हणून वहीत मराठीतून उच्चार लिहिणारे इथे हमखास चुकतात. फोनला फ्रेंचमध्ये शब्द सांगून तो पडद्यावर काय उमटवतो, ते पाहावे. 'वर' म्हटल्यावर 'खाली' उमटले, तर ओठ चुकले असे समजावे. अर्थात यंत्र पुढच्या-मागच्या शब्दांवरूनही अंदाज करते, तेव्हा त्याने शब्द ओळखला म्हणजे उच्चार निर्दोष झाला, असे मानायचे कारण नाही.

गृहपाठ कुणाचा?

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आले आणि त्यापाठोपाठ तशी इतर साधनेही. सुट्टीतल्या प्रवासावर दीडशे शब्द फ्रेंचमध्ये लिहा, असे सांगितले की काही सेकंदांत निर्दोष निबंध तयार. वर्गात अजून वर्तमानकाळ चालू असतो आणि वहीत तिन्ही काळ ऐटीत उभे असतात! शिक्षकाला कळते, पण सिद्ध करता येत नाही. पालक वही पाहून खूश होतात.

फसवणूक शिक्षकाची होत नाही, मुलाची होते. निबंध लिहिताना शब्द आठवत नाही, तेव्हा तो शोधण्याची जी धडपड होते, तीच तर भाषा शिकण्याची क्रिया. ती यंत्राला देऊन टाकली की हाती सुंदर कागद राहतो आणि डोके कोरे.

हे कुठे उघडे पडते? फ्रेंचची सर्वांत परिचित परीक्षा 'डेल्फ' ही १९८५ पासून आहे. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचे ते प्रमाणपत्र आहे. 'कौन्सिल ऑफ युरोप'ने २००१ मध्ये भाषाज्ञानाच्या 'ए-१' ते 'सी-२' अशा सहा पायऱ्या ठरवल्या. 'डेल्फ' पहिल्या चार पायऱ्यांसाठी आणि 'डाल्फ' वरच्या दोन पायऱ्यांसाठी. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चार भागांना प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० हवेत; पण कोणत्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडले, तर बाकी सगळे कितीही असोत, नापास. पहिल्या पायरीवर तोंडी परीक्षा जेमतेम पाच ते सात मिनिटांची. नाव, घर, आवडनिवड, मग दुकानात काही विकत घेण्याचा छोटा संवाद. तिसऱ्या पायरीवर म्हणजे 'बी-१'ला ४५ मिनिटांत किमान १६० शब्द स्वतःच्या मनाने लिहायचे असतात.

पाच मिनिटे म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण वर्षभर यंत्राकडून लिहून घेतलेल्या विद्यार्थ्याला ती फार लांब वाटतात. तिथे फोन बाहेर ठेवलेला असतो. भरलेली फी, घेतलेली सुट्टी, कधीकधी परदेशी प्रवेशाची मुदत, सगळे त्या पाच मिनिटांना टांगलेले असते.

शिक्षकांपुढचे काम

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि फळा-खडूवर आयुष्य काढलेल्या शिक्षकांना एका रात्रीत पडद्यासमोर उभे राहावे लागले. त्या धावपळीत अनेकांनी साधने शिकून घेतली. पण साधने हाताळणे ही पहिली पायरी झाली. पुढची पायरी म्हणजे शिकवण्याची रीतच बदलणे.

युरोपच्या त्या सहा पायऱ्यांच्या आराखड्याला २०२० मध्ये जी पूरक जोड मिळाली, तिच्यात इंटरनेटवरचे संभाषण आणि एकत्र काम करणे ही स्वतंत्र भाषिक कौशल्ये म्हणून मांडली आहेत. म्हणजे फ्रेंचमध्ये ई-मेल लिहिणे, निरोपाला नेमके उत्तर देणे, पडद्यावरच्या चर्चेत भाग घेणे हाही आता भाषेचाच भाग आहे. फ्रान्समध्ये शाळकरी मुलांची संगणकीय कौशल्ये तपासण्यासाठी 'पिक्स' नावाची सार्वजनिक व्यवस्था आहे. माहिती शोधणे, तिची खातरजमा करणे, स्वतःची खाजगी माहिती जपणे, हे तिथे तपासले जाते. इथला फ्रेंच शिक्षक हाच मुद्दा भाषेच्या तासात आणू शकतो.

यंत्रावर बंदी घालून काही साधत नाही. ती पाळली जात नाही. त्यापेक्षा यंत्राचे भाषांतरच वर्गात आणावे आणि 'यातल्या चुका शोधा' असे सांगावे. चूक का आहे, हे सांगायला व्याकरण लागतेच. गृहपाठाचा निबंध आणला, की त्यातली दोन वाक्ये वही मिटून तोंडी सांगायला लावावीत. आठवड्याला एक मिनिट स्वतःच्या आवाजात बोलून ध्वनिमुद्रण पाठवायला सांगावे. पहिल्या आठवड्यातला आणि दहाव्या आठवड्यातला आवाज शेजारी ठेवून ऐकला, की विद्यार्थ्याला आपली प्रगती स्वतःच्या कानांनी कळते.

पालकांनी काय पाहावे?

पालकांना स्वतःला फ्रेंच येत नाही, म्हणून ते या विषयापासून लांब राहतात. पण लक्ष ठेवायला भाषा यावी लागत नाही. काही साध्या गोष्टी पुरतात.

मुलाने आधी स्वतः लिहावे, चुकतमाकत का होईना, आणि मग यंत्राला दाखवावे. यंत्राला 'लिहून दे' असे न सांगता 'चूक कुठे आहे तेवढी दाखव, सुधारू नकोस' असे सांगता येते. सुधारणा मुलाने करावी. यंत्र व्याकरणाचा नियम ठणकावून सांगते, पण कधीकधी तो साफ चुकीचा असतो. म्हणून शंका आली की शब्दकोश किंवा शिक्षक यांच्याकडे जावे.

अ‍ॅपवर सलग शंभर दिवसांची साखळी झाली, म्हणजे फ्रेंच आले, असे नव्हे. ती सवयीची नोंद आहे, ज्ञानाची नव्हे. अ‍ॅपने दिलेले प्रमाणपत्र आणि 'डेल्फ' यांची गल्लत करू नये. 'डेल्फ'चे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य असते. कॅनडाच्या 'एक्स्प्रेस एन्ट्री'साठी मात्र ते चालत नाही. तिथे 'टेफ कॅनडा' किंवा 'टीसीएफ कॅनडा' या परीक्षा लागतात आणि त्यांचा निकाल दोन वर्षांपुरताच धरला जातो. 'तीस दिवसांत फ्रेंच, परदेशी नोकरीची हमी' अशी जाहिरात दिसली, की पैसे भरण्याआधी कोणती परीक्षा, कोणती पायरी, कोणाची मान्यता, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे जाहिरातीत न शोधता परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अधिकृत माहितीत शोधावीत.

अ‍ॅप मुलाचा आवाज, फोटो, संपर्कांची यादी मागत असेल, तर ते कशासाठी, हेही पाहावे. उच्चाराच्या सरावाला माइक लागतो. संपर्कांची यादी लागत नाही.

आणि शेवटचे म्हणजे, जेवायला बसल्यावर मुलाला विचारावे, 'आज फ्रेंचमध्ये काय शिकलास? एक वाक्य म्हणून दाखव.' वाक्य बरोबर की चूक, हे आईवडिलांना कळणार नाही. पण ते फोनकडे न पाहता आले की नाही, हे मात्र नक्की कळेल.

१९५५ साली फ्रान्समध्ये संगणकाला नाव हवे होते, तेव्हा सॉर्बोनमधले लॅटिनचे प्राध्यापक जाक पेरे यांनी 'ऑर्दिनातर' हा शब्द सुचवला. जगाची घडी नीट लावणाऱ्या ईश्वरासाठी जुन्या शब्दकोशात तो सापडतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले होते. यंत्राला त्यांनी देवाच्या विशेषणाचे नाव दिले खरे, पण 'ऑर्दिनातर' घडी लावून देईल, शब्द काढून देईल, चूकही दाखवील. बोलायचे मात्र आपल्यालाच आहे. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान ती ओंजळ समोर आहे तोवरच भागते. मुलांना ती ओंजळ जरूर दाखवावी. पण स्वतःची ओंजळ कशी धरायची, हे आधी शिकवावे.